तोच वाडा, नवी भीती

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने मार्च १९९६मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनसाठी एक गेम बाजारात आणला. जपानात त्याचं नाव 'बायोहझार्ड' आणि बाकी जगात 'रेझिडेंट ईव्हिल'. जंगलातल्या एका भल्यामोठ्या वाड्यात विशेष पोलीस पथकातली माणसं अडकतात आणि झाँबींच्या तावडीतून वाट काढतात, एवढीच त्याची गोष्ट. सुरुवातीच्याच टप्प्यात खेळाडू एका अरुंद बोळकांडीत शिरतो. बाजूला खिडक्या, बाकी सगळं सामसूम. चार पावलं टाकतो न टाकतो तोच काच फोडून एक सडका कुत्रा आत उडी घेतो. त्या वेळी शाळाकॉलेजात असलेल्या जगभरच्या एका पिढीच्या हातातून कंट्रोलर सुटला तो इथे.

सहा वर्षांनी, २००२मध्ये, दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी हाच गेम निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी नव्याने घडवला. आता गिऱ्हाइकांतल्या निम्म्याअधिक लोकांना ती बोळकांडी तोंडपाठ असणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी काय केलं, तर खेळाडू बंदूक सरसावून, श्वास रोखून तिथे आला की काच फक्त तडकते. कुत्रा येतच नाही. तो येतो नंतर, खेळाडू त्याच वाटेने पुन्हा जातो तेव्हा; म्हणजे 'इथलं संकट टळलं' अशी मनाची खात्री झाल्यावर.

हॉरर गेमच्या दुनियेतला जो जुना तंटा आहे, त्याचं उत्तर या तडकलेल्या काचेत बरंचसं सापडतं. तंटा असा: नवा भाग जुन्यासारखा निघाला तर खेळाडू म्हणतात, किती दिवस तेच दळण दळणार? वेगळा निघाला तर म्हणतात, मग जुनं नाव लावलंत कशाला? आणि जुनं नाव न लावता अगदी कोरा विषय आणला, तर तो विकत घेण्याआधीच विचारतात, अहो, त्या अमक्या गेमचा पुढचा भाग कधी काढताय? हे सगळं बोलणारी माणसं वेगवेगळी असती तर गोष्ट सोपी होती. पण बऱ्याचदा एकच माणूस तिन्ही वाक्यं बोलतो आणि तिन्ही वेळा मनापासून बोलतो.

नियम कळले की भूत संपलं

इतर गेममध्ये शिकणं हाच आनंद असतो. क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा गेम दरवर्षी थोड्याफार फरकाने निघतो आणि लोक तो घेतात, कारण गेल्या वर्षी कमावलेला हात यंदाही उपयोगी पडतो. हॉरर गेमचं गणित उलटं आहे. तिथे खेळाडू जितका तरबेज, तितकी भीती कमी.

पहिल्या 'रेझिडेंट ईव्हिल'चंच पाहा. कॅमेरा एका कोपऱ्यात खिळलेला, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, फक्त पाय घासल्याचा आवाज येतो. गोळ्या मोजक्या. सामान ठेवायला सहा किंवा आठ खण. खेळ कुठवर आला ते साठवायचं तर टाइपरायटर शोधावा लागतो आणि त्यात घालायला शाईची रिबन लागते. ती संपली की साठवणंही संपलं. पहिला तास दीड तास हे सगळं अंगावर येतं. मग हळूहळू उलगडा होतो. झाँबी मंद चालतो. वळसा घालून त्याला चुकवता येतं. दार ओलांडलं की बहुतेक वेळा तो मागे येत नाही. ज्या खोलीत टाइपरायटर आहे तिथे सहसा धोका नसतो. हे नियम कळले की राक्षसाचं रूपांतर अडथळ्यात होतं. मग माणूस घाबरत नाही, हिशेब करतो.

म्हणजे हॉरर गेम खेळता खेळता स्वतःलाच खर्चून टाकत असतो. खेळाडूच्या हाती शेवटी उरतं ते वेगळंच काहीतरी: त्या वाड्याबद्दलची ओढ, त्या पात्रांबद्दलचा जिव्हाळा, एखाद्या संगीताच्या तुकड्याशी जुळलेली रात्र. सिक्वेल मागताना तो ही ओढ घेऊन येतो आणि सोबत ती पहिली धडकीही मागतो. ओढ ओळखीतून येते, धडकी अनोळखीपणातून. एकाच डब्यात दोन्ही भरून द्या, असं त्याचं म्हणणं असतं.

भीतीचं माप किती असावं, यावर डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं आहे. व्हायले इथल्या एका 'भूतघरा'त लोक पैसे देऊन घाबरायला जातात. तिथे ११० जणांच्या हृदयाचे ठोके आत फिरताना मोजले गेले आणि नंतर किती भीती वाटली, किती मजा आली, हे त्यांना विचारलं गेलं. हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. भीती फार कमी तर मजा नाही, फार जास्त तरी मजा नाही. मधे कुठेतरी मजेचा कळस, असं त्यात दिसलं. ठोक्यांतला चढउतारही नेहमीपेक्षा थोडाच ढळला तर माणूस खूश राहतो. हे सिक्वेलला लावून पाहिलं तर अडचण लख्ख दिसते. जुन्या खेळाडूसाठी तोच गेम त्या कळसाच्या अलीकडे घसरलेला असतो. त्याला पुन्हा तिथे न्यायचं तर कुठेतरी पायाखालची जमीन हलवावी लागते. फार हलवली तर मात्र त्याला ते घर आपलं वाटत नाही.

२००२च्या त्या नव्या आवृत्तीत मिकामींनी जमीन नेमकी कुठे हलवली ते पाहण्याजोगं आहे. वाडा तोच, बरीचशी दालनंही तीच. पण झाँबीला मारून पुढे गेलात आणि त्याचं डोकं उडालं नसेल किंवा प्रेत जाळलं नसेल, तर काही वेळाने तोच झाँबी लालभडक होऊन, नखं वाढवून उठतो आणि धावत अंगावर येतो. जाळायला रॉकेल हवं, ते मोजकं. आणि त्याचा डबा बाळगला तर सामानाचा एक खण अडतो. काही झाँबी आता दारं उघडून मागे येऊ लागले. जुन्या खेळाडूने मेहनतीने पाठ केलेला 'मेलेला मेला' आणि 'दारापलीकडे सुरक्षित' हा सगळा अभ्यासच त्याच्यावर उलटवला होता. ज्याला वाडा अधिक ठाऊक, तोच अधिक फसला.

कॅपकॉमचे हेलकावे

पण हा तोल प्रत्येक वेळी साधतोच असं नाही, आणि साधला तरी लोकांना तो लगेच दिसत नाही. 'रेझिडेंट ईव्हिल ४' घडवताना कॅपकॉमने अनेक आराखडे केले आणि मोडले. त्यांतला एक तर इतका दूर गेला की त्याचा 'डेव्हिल मे क्राय' हा वेगळाच गेम झाला आणि २००१मध्ये बाजारात आला. अखेर २००५मध्ये आलेल्या चौथ्या भागात कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे सरकला, वाडा गेला, नेहमीचे झाँबीही गेले. त्यांच्या जागी स्पेनमधल्या एका खेड्यातले बिथरलेले गावकरी आले. परंपरेचा इतका मोठा भंग या मालिकेत आधी झाला नव्हता. आज मात्र 'जुन्यासारखं काहीतरी करा' म्हणणाऱ्यांतल्या अनेकांच्या मनात हाच चौथा भाग असतो. कालची मोडतोड आजची परंपरा होऊन बसते ती अशी.

पुढे तोल गेला. पाचव्या भागात (२००९) दोघांनी मिळून खेळण्याची सोय आली. बरोबर जोडीदार असला की भीती अर्धी होते, हे सांगायला संशोधन लागत नाही. खप मात्र दणदणीत झाला. सहावा भाग (२०१२) सगळ्यांना खूश करायला निघाला. जुन्या चाहत्यांसाठी एक कथानक, धुमश्चक्री आवडणाऱ्यांसाठी दुसरं, पाठलाग आवडणाऱ्यांसाठी तिसरं. कॅपकॉमने मार्च २०१३पर्यंत ७० लाख प्रतींची अपेक्षा धरली होती. ती कमी करत करत ५० लाखांवर आणली आणि प्रत्यक्षात आकडा ४९ लाखांवर थांबला. पुढे स्वस्तात विकत विकत हा भागही कोटीच्या वर गेला, पण चाहत्यांच्या तोंडून तो कायमचा उतरला. खप आणि समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मालिकेइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

'आम्हाला भीती परत द्या' हा घोशा लागला आणि जानेवारी २०१७मध्ये सातवा भाग आला. आता कॅमेरा थेट नायकाच्या डोळ्यांत. नायक ईथन विंटर्स हा कुणाच्या ओळखीचा नाही. लुइझियानातल्या दलदलीतलं एक घर आणि त्यात बेकर नावाचं भयानक कुटुंब. झलक पाहूनच ओरड झाली, की हा 'रेझिडेंट ईव्हिल' नव्हेच, दुसऱ्यांची नक्कल आहे.

पण घरात शिरून पाहावं. १९९६च्या वाड्यात तलवार, ढाल, चिलखत, शिरस्त्राण अशा खुणांच्या किल्ल्या होत्या. इथे विंचू, कावळा, साप आहेत. एक किल्ली मिळाली की आधी बंद राहिलेली तीनचार दारं आठवायची आणि उलट पावली निघायचं, हा खेळ तोच. गोळ्या मोजक्या, सामानाचे खण मोजके, जखमेवर हिरवी वनस्पती, जास्तीचं सामान ठेवायला पेटी. टाइपरायटरच्या जागी टेपरेकॉर्डर आला, पण तो ज्या खोलीत आहे तिथे पोचल्यावर सुटणारा निःश्वास तोच. म्हणजे चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागांनी जी घडण टप्प्याटप्प्याने सोडली होती, तीच दिग्दर्शक कोशी नाकानिशी यांनी परत आणली होती. वरचं कातडं तेवढं नवं होतं. ज्यांनी जुनं मागितलं त्यांना जुनंच मिळालं. चेहरा ओळखीचा नव्हता म्हणून त्यांना ते पटायला वेळ लागला. पुढच्या काही वर्षांत याही भागाच्या कोटीवर प्रती खपल्या.

२०१९मध्ये दुसऱ्या भागाचा रिमेक आला तेव्हा कॅपकॉमने हाच धडा उलट्या बाजूने वापरला. इथे चेहरे जुने, पोलीस ठाणं जुनं, नियम नवा. १९९८च्या मूळ गेममध्ये 'मिस्टर एक्स' नावाचा धिप्पाड पाठलाग करणारा ठरावीक जागी येऊन ठरावीक वेळी जाई. रिमेकमध्ये तो ठाण्यात मोकळा फिरतो. दोन खोल्यांपलीकडून त्याच्या बुटांचा आवाज येत राहतो, आणि तो जवळ येतोय की लांब जातोय यावर कान लावून बसावं लागतं. ठाण्याचा नकाशा पाठ असूनही काही उपयोग नाही, कारण तो माणूस नकाशावर नाही.

त्रिकोणी डोक्याचा राक्षस

कॅपकॉमचा पेच नियमांचा, तर कोनामीच्या 'सायलेंट हिल'चा पेच अर्थाचा. २००१च्या 'सायलेंट हिल २'मध्ये जेम्स संडरलंड नावाचा माणूस मेलेल्या बायकोचं पत्र हातात घेऊन धुक्याने भरलेल्या सायलेंट हिल नावाच्या गावात येतो. तिथे त्याला लोखंडी त्रिकोणी डोक्याचा, भलामोठा सुरा फरफटत नेणारा राक्षस भेटतो: पिरॅमिड हेड. मासाहिरो इतो यांनी घडवलेलं हे रूप जेम्सच्याच अपराधी मनातून आलेलं आहे. त्याला शिक्षा हवी आहे, म्हणून शिक्षा देणारा तिथे आहे. गोष्ट संपते तसं त्याचं कामही संपतं.

पण चाहत्यांना तो आवडला, म्हणून तो २००६च्या सिनेमात आला, जिथे जेम्सच नाही. २००८च्या 'सायलेंट हिल: होमकमिंग'मध्ये आला. २०२०मध्ये तर 'डेड बाय डेलाइट' या गेममध्ये इतर मालिकांतल्या खुन्यांच्या पंगतीला जाऊन बसला. खुद्द इतो यांनी याबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखवली आहे. एका माणसाच्या मनातलं पाप टी-शर्टवरचं चित्र झालं. ओळखीची भीती जपायला गेलं की हा धोका असतो. जपली जाते ती आकृती, आणि तिच्या आतला अर्थ निसटतो.

पोलंडच्या क्राकुफमधल्या ब्लूबर टीमने 'सायलेंट हिल २'चा रिमेक करायला घेतला तेव्हा लोक साशंक होते. ऑक्टोबर २०२४मध्ये तो आला, काही दिवसांत दहा लाख आणि जानेवारी २०२५पर्यंत वीस लाख प्रती गेल्या. शंकेखोरांतलेही बरेच जण निवळले. त्यात एक बारीकशी कारागिरी आहे. मूळ गेममध्ये जिथे एखादी वस्तू मिळत असे किंवा एखादा प्रसंग घडत असे, अशा काही जागी रिमेकमध्ये फक्त त्याची खूण ठेवली आहे. जुना खेळाडू सवयीने तिथे जातो, पडदा क्षणभर थरथरतो, आणि काहीच घडत नाही. प्रसंग दुसरीकडे हलवलेला आहे. आठवणीचा मान राखला आणि तिच्यावर विसंबू नकोस हेही सांगितलं.

पाठोपाठ सप्टेंबर २०२५मध्ये कोनामीने 'सायलेंट हिल एफ' आणला. हा १९६०च्या दशकातल्या जपानमधला, नायिका शाळकरी मुलगी हिनाको, हातात बंदूक नाही, आणि अमेरिकेतलं ते गावही नाही. लेखन 'हिगुराशी' या जपानी हॉरर मालिकेचे कर्ते रयुकिशी०७ यांचं. मग पुन्हा तोच वाद: गावच नाही तर हा 'सायलेंट हिल' कसला? तरीही पहिल्या काही दिवसांतच दहा लाखांवर प्रती खपल्या. जुन्या नावाने दार उघडून दिलं आणि आत वेगळंच घर होतं, असं ते धाडस होतं. हाच गेम कोऱ्या नावाने आला असता, तर त्याच्यावर इतका पैसा लागला असता का, हा खरा प्रश्न आहे.

पैशाचं गणित

तो प्रश्न कंपन्या कसा सोडवतात ते दाखवणारा एक जोड योगायोगाने लागोपाठ आला. 'डेड स्पेस' (२००८) हा अंतराळयानातला हॉरर गेम. राक्षसाच्या डोक्यावर गोळी झाडून उपयोग नाही, हातपाय तोडावे लागतात, हे त्याचं वैशिष्ट्य. मालिका टिकवायची तर ५० लाखांच्या आसपास गिऱ्हाईक हवं, असं प्रकाशक ईएच्या वरिष्ठांनी २०१२मध्ये बोलून दाखवलं होतं. हॉरर सगळ्यांना पचत नाही, म्हणून तिसऱ्या भागात (२०१३) दोघांचा खेळ आला, धडाका वाढला. ना जुने खूश झाले, ना नवे पुरेसे आले. मालिका थंडावली आणि २०१७मध्ये ती घडवणारा व्हिसरल हा स्टुडिओही बंद झाला.

पहिल्या 'डेड स्पेस'च्या कर्त्यांपैकी ग्लेन स्कोफिल्ड यांनी नव्या स्टुडिओतून डिसेंबर २०२२मध्ये 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' आणला. नाव नवं, जागा नवी. पण तुटणारे अवयव, अंधारे लोखंडी बोगदे, नायकाच्या अंगावरच दिसणारी प्राणशक्तीची पट्टी, हे सगळं परिचयाचं. दोनच महिन्यांच्या आत ईएने मूळ 'डेड स्पेस'चा रिमेक काढला. नाव जुनं, पण त्यात पार केलेल्या खोलीत परत गेलं की आवाज, दिवे आणि राक्षस दर वेळी बदलून मांडणारी एक यंत्रणा बसवली होती. 'कॅलिस्टो' देखणा होता, तरी प्रकाशकाच्या अपेक्षेइतका चालला नाही. 'डेड स्पेस' रिमेकचं समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं. नावाने नवा असलेला गेम आतून जुना होता आणि नावाने जुना असलेला आतून नवा, हे खेळाडूंना बरोबर कळलं.

खऱ्या अर्थाने कोऱ्या कल्पना त्यामुळे मोठ्या कंपन्यांऐवजी लहान स्टुडिओंकडून येत राहिल्या. त्यांना ५० लाखांचं गिऱ्हाईक लागत नाही. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१०मध्ये 'अम्नेशिया: द डार्क डिसेंट' काढला आणि खेळाडूच्या हातातून शस्त्रच काढून घेतलं. त्यातल्या पाणी साचलेल्या तळघरात राक्षस दिसतच नाही. पाण्यात छपछप उमटणारी पावलं तेवढी दिसतात, आणि एका खोक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जावं लागतं. २०१४मध्ये स्कॉट कॉथन यांनी एकट्याने 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' केला. त्यांच्या आधीच्या, मुलांसाठीच्या गेममधली पात्रं यांत्रिक बाहुल्यांसारखी भीतिदायक दिसतात अशी टीका झाली होती. ती त्यांनी कामाला लावली.

कॉथन यांनी वर्षभरात आणखी तीन भाग काढले, म्हणजे सिक्वेलचा कारखानाच. पण प्रत्येक भागात नियम बदलला. पहिल्यात बाहुल्यांना अडवायला बंद करायची दारं होती आणि नजर ठेवायला कॅमेरे. दुसऱ्यात दारं नाहीत, एक मुखवटा आहे. तिसऱ्यात जीव घेणारा बाहुला एकच. चौथ्यात कॅमेरेही नाहीत, मुलाच्या खोलीत दाराशी उभं राहून श्वासाचा आवाज ऐकायचा. पिझ्झाच्या दुकानातली ती अस्वलं आणि ससे चाहत्यांना हवे होते, ते मिळत राहिले. कसं वाचायचं ते मात्र दर वेळी नव्याने शिकावं लागलं.

या सगळ्याकडे पाहिलं की खेळाडूंच्या मागण्या वाटतात तितक्या विसंगत उरत नाहीत. ते जुनं मागतात तेव्हा बहुधा माणसं आणि जागा मागत असतात. नवं मागतात तेव्हा नियम. चूक होते ती कंपन्या या दोन खात्यांची सरमिसळ करतात तेव्हा: नियम तेच ठेवून नट बदलायचे, किंवा भीतीच काढून टाकून फक्त नाव ठेवायचं. 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) या गेमची आठवण लोक दहा वर्षं काढत राहिले, कारण त्यातल्या माग काढणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्याला खेळाडू कुठे आहे याची फक्त अंधुक चाहूल दिली जात होती आणि बाकीचा शोध तो स्वतः घेई, त्यामुळे त्याची चाल कधी पाठच झाली नाही. २० लाखांवर प्रती खपूनही प्रकाशक सेगाला तो आकडा कमी वाटला आणि पुढचा भाग निघाला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये अखेर पुढच्या भागाचं काम सुरू झाल्याचं जाहीर झालं. त्या प्राण्याची चाल या दहा वर्षांत चाहत्यांनी कोळून प्यायली आहे. नव्या भागाच्या कर्त्यांना अंतराळ, अंधार आणि तो प्राणी फुकट मिळणार आहे. मेहनत घ्यावी लागेल ती या जाणकारांना पुन्हा अडाणी करण्यासाठी.